मागची डावी मोटर

"याचं क्लबचं कार्ड आत्ताच्या आत्ता रद्द करा," थोरला म्हणाला. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये होता. "मागची डावी मोटर उलटी फिरत होती, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ड्रोन उठला, कलंडला आणि सरळ माझ्या हातावर आला. मुद्दाम केलंय यानं."

ड्रोन रेसिंग क्लबच्या तपासनीस बाईंना लोक मागून 'कात्री' म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी थोरल्यानं आपल्या घरी बोलावून घेतल्यानं त्यांचं डोकं आधीच फिरलं होतं. त्यात हे दोन सख्खे भाऊ, एकमेकांचं तोंड पाहायला तयार नाहीत. धाकटा ड्रोन बनवायचा, थोरला उडवायचा. घातपात सिद्ध झाला तर धाकटा क्लबमधून कायमचा बाद होणार होता.

ड्रोन धाकट्याच्या टेबलावर पडला होता, तळहातापेक्षा जरासाच मोठा. नाकाशी कॅमेरा, चार कोपऱ्यांना चार मोटरी, मधे झाकण. मागच्या फळीवर दुसरा एक ड्रोन अर्धवट जोडलेला होता.

"पडल्यावर झाकण कोणी उघडलं का?"

"कोणी नाही. जसा पडला तसा आणून ठेवलाय," वहिनी म्हणाली. ती दाराला टेकून धाकट्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती. "दिराचे लाड केले ना, त्याचे पांग फेडलेत यानं."

"तुम्ही थांबा," कात्री म्हणाली आणि थोरल्याकडे वळली. "उडवताना चष्मा लावला होता?"

"मग? कॅमेऱ्याचं चित्र दिसल्याशिवाय उडवू कसा?"

"आता तू," कात्री धाकट्याला म्हणाली. "मोटर उलटी कशी फिरते?"

"तीन तारा असतात तिला. कुठल्याही दोन आपापसांत बदलल्या की उलटी फिरते."

"तू बदलल्यास?"

"नाही." तो दात-ओठ खात होता. "काल संध्याकाळी पाती काढून चारही मोटरी चालवल्या. प्रत्येकीला बोट लावून दिशा पाहिली."

"बोट कशाला? डोळे नाहीत?"

"इतक्या वेगात डोळ्यांना काही कळत नाही हो. बोट कुठल्या बाजूला ढकललं जातं त्यावरून कळतं."

"मग?"

"मग तारांच्या सोल्डरच्या डागांवर नेलपॉलिशचा हात दिला. ओल लागून सर्किट जळू नये म्हणून सगळेच देतात. तेवढं करून कामावर गेलो. रात्रपाळी होती."

"खोलीला कुलूप?"

"घरातल्या घरात कुलूप लावायचं का?"

"लावायला हवं होतं," वहिनी फणकारली.

कात्रीनं झाकणाचे स्क्रू काढले. मागच्या डाव्या मोटरीच्या दोन तारा खरोखरच उलट्या जोडलेल्या होत्या. थोरला लगेच म्हणाला, "बघा. सांगत होतो ना?"

कात्रीनं भिंग डोळ्याला लावलं. बाकीचे डाग साफ, वर पारदर्शक थर. हे दोन मात्र ओबडधोबड, कडेला जुनं पॉलिश जळून तपकिरी झालेलं आणि वरचा नवा थर उजेडात चमचमत होता. बारीक चमकी होती त्यात.

"तुझी बाटली कुठाय?"

धाकट्यानं बॅगेतून काढून दिली. साधी, पारदर्शक. "अवजारं इथंच असतात. ही बॅगेतच राहिली, माझ्याबरोबर कामावर आली होती."

कात्रीनं भिंग वहिनीपुढे धरलं. "हे ओळखता?"

वहिनीनं पाहिलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "माझ्या कपाटातलं आहे हे. पण मी नाही हो. मला तर ते सोल्डरिंगचं यंत्र धरतासुद्धा येत नाही."

"म्हणजे यानंच कपाटात हात घातला," थोरला म्हणाला.

"गप्प बसा." कात्रीनं भिंग टेबलावर ठेवलं. "स्वतःची बाटली बॅगेत असताना हा तुमच्या बायकोचं कपाट कशाला उपसेल? ज्याला ही बाटली मिळाली नाही, त्यानं कपाटातली घेतली. वरवर सारखीच दिसते, चमकी भिंगातच दिसते. आणि आता तुमचं ऐका. झाकण बंद असताना तुम्ही मला सांगितलंत, मागची डावी मोटर उलटी फिरत होती. चष्म्यात दिसतं ते नाकापुढचं. मागची मोटर त्यात येतच नाही. आणि उघड्या डोळ्यांना दिशा कळत नाही. ड्रोन कलंडायला कारणं ढीगभर असतात. पातं सटकतं, तार तुटते, मोटर बंद पडते. तुम्हाला नेमकं हेच कसं कळलं?"

थोरला टेबलापासून एक पाऊल मागे सरला.

"गवतात उलटेल, एवढंच वाटलं होतं तुम्हाला. हातावर येईल असं वाटलं नव्हतं."

"त्यानं दुसरा ड्रोन करायला घेतला होता," थोरला शेवटी फळीकडे बघत म्हणाला. "मला न सांगता. स्वतः उडवणार होता. मग मला कोण विचारणार होतं?"

वहिनी मटकन खुर्चीत बसली. कात्रीनं धाकट्याकडे पाहिलं. तो नाही म्हणेल, भावासाठीच करत होतो म्हणेल, असं क्षणभर तिला वाटून गेलं.

"हो, उडवणारच होतो," धाकटा म्हणाला. "निवड फेरीत तुला हरवलं असतं मी, सगळ्यांच्या देखत. पण तोपर्यंत तुझा ड्रोन चोख ठेवला असता. काल चारही मोटरींना बोट लावलं, ते तुझ्यासाठीच लावलं होतं."

थोरल्यानं बँडेजचा हात मागे लपवला. धाकट्यानं फळीवरचा अर्धवट ड्रोन उतरवला, अवजारं बॅगेत भरली आणि वहिनीच्या बाजूनं वाट काढत तो घराबाहेर पडला.

कात्रीनं हात पुढे केला. "तुमचं कार्ड द्या," ती थोरल्याला म्हणाली.

ते त्याच्या उजव्या खिशात होतं. त्याला ते काढता येईना. शेवटी वहिनीनं उठून काढून दिलं.