गोरख पेंटरची भिंत

सकाळी धरणाच्या कचेरीचं दार उघडायला आलेला शिपाई भिंत बघून बोंबलतच सुटला. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लालभडक, हातभर उंच, गुबगुबीत अक्षरं एकमेकांना खेटून नाचत होती: ‘आमचं गाव सोडणार नाही.’

हे वळण अख्खं मावळ ओळखत होतं. कामशेतच्या किराणा दुकानापासून लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांपर्यंत सगळ्या पाट्या गोरख पेंटरच्याच. तासाभरात गोरख कोठडीत गेला, आणि गंमत म्हणजे त्यानं गुन्हा कबूलही केला!

हवालदार केरबाला ती कबुली पचेना. तो भिंतीला नाक लावून उभा राहिला. अक्षरं जिथं खेटली होती, तिथं डावीकडच्या अक्षराचा रंग उजवीकडच्यावर चढला होता. ओळभर तसंच. म्हणजे आधी शेवटचं अक्षर, मग त्याच्या अलीकडचं. असं उलटं कोण लिहितं, बाबा?

कोठडीत त्यानं गोरखला चहा दिला.

“कुठल्या अक्षरापासनं सुरू केलंस?”

“पयल्यापासनं. आनि कुटनं करनार?” गोरखच्या हातात कपबशी खडखडत होती.

“फौजदारसाहेब म्हणतात, त्याच भिंतीवर, त्याच अक्षरात ही सरकारी नोटीस लिहून दे आणि घरी जा.”

केरबानं दिलेली नोटिशीची चिठ्ठी गोरखनं वाचली आणि परत केली. “न्हाई. ऱ्हाऊ द्या मला आत.”

“किती दिवस?”

“ठेवाल तितकं.”

एका ओळीपायी माणूस तुरुंग पत्करतो? केरबाचं डोकं भणभणलं. तो तडक गोरखच्या घरी गेला.

गोरखच्या बायकोनं, हिरानं, चहा डाव्या हातानं पुढं केला. “डावखुरी हाय भाऊ, राग धरू नगा.”

“शाळा किती झाली?”

“साळा कुटं बघितली मी!”

“आणि माहेर?”

“पवनेकाठी. धरणात जानार ते.”

केरबानं कप खाली ठेवला. “मग ऐक. गोरखचा हात कापतो. नोटीस लिहायला घेतली की ते उघडं पडेल, म्हणून तो आत बसलाय. तो कागदावर कसंबसं लिहून देतो, पाट्यांवर मोठं तू काढतेस. ओला रंग हातानं पुसला जाऊ नये म्हणून डावखुरं माणूस उजवीकडनं सुरू करतं. आणि वाचता येत नसलं, की पहिलं काय अन् शेवटचं काय! भिंत तू रंगवलीस, हिरा.”

“व्हय, मीच. माज्या भावानं कागदावर लिवून दिलं. ह्यांना काय बी ठावं नव्हतं. मला न्या, त्यांना सोडा!”

“तुला नेलं तर चूल कुणाच्या जिवावर पेटणार?”

केरबाला स्वतःच्याच खाकीचा वीट आला. गुन्हेगार सापडला होता आणि त्याचा कुणालाच काडीचा उपयोग नव्हता.

“एकच वाट आहे,” तो म्हणाला. “रात्री गोरखला भिंतीपाशी आणतो, पहाऱ्याला मीच राहतो. नोटीस तू काढ, त्यानं लिहिली म्हणून मी सांगतो.”

हिरानं त्याच्याकडची चिठ्ठी घेऊन उलटसुलट करून बघितली. “काय लिवलंय?”

केरबाची जीभ रेटेना. पण तिला न सांगता लिहून घेणंही त्याच्यानं होईना. त्यानं वाचलं: “चैत्रअखेर गाव खाली करावे.” खाली गावाचं नाव होतं. ते तिच्या माहेराचं होतं.

हिरानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि उठली.

“रंग कंचा पायजे सायबाला?”