लिफ्टमधली तिसरी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. आणि रात्री नाही... भर दुपारी.

गेल्या वर्षीचा एप्रिल. इजिप्तमधलं मन्सूरा शहर. वाळवंटातून येणारं खमासीनचं वारं सुटलेलं, धुळीत सूर्यही दिसत नव्हता.

माझी रिताज नऊ वर्षांची. तिची आई म्हणून मला सगळे उम्म रिताज म्हणतात. तिला कावीळ झाली तेव्हा सगळे म्हणाले, शाळेच्या पाण्याची असेल. आम्ही दोन महिने मध आणि उसाचा रस पाजत बसलो. कावीळ हटेना. शेवटी मेर्वत डॉक्टरीणबाईंनी ओळखलं... पोरीचं शरीर तिच्याच यकृतावर उठलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. डोळ्यांतला पिवळेपणा गेला.

पण गाल फुगले.

"उम्म रिताज, ही पोरगी आहे की भट्टीतली भाकरी?" नणंद शादिया सगळ्यांसमोर हसली. "बरी झालीय ना? मग कशाला औषधं कोंबतेस?"

मला ते फार झोंबलं. कुणाला न सांगता मी गोळ्या बंद केल्या.

वीस दिवसांनी तपासणी होती. गोळ्या चालू आहेत, असं बाईंना खोटंच सांगायचं ठरवून मी दवाखान्याच्या लिफ्टमध्ये शिरले. आम्ही दोघीच होतो.

मधेच वीज गेली.

मिट्ट काळोख. दार हलेना. मी बुक्क्या मारल्या, ओरडले. बाहेरून साधी चाहूलही नाही.

रिताजचा हात मी घट्ट धरला होता.

मग माझ्या दुसऱ्या हातात... एक हात आला.

छोटासा. गार.

"मावशी, माझे पण गाल फुगले होते."

आवाज रिताजचा नव्हता.

"आईने गोळ्या बंद केल्या... मग पोट फुगलं."

मी हात सोडवायला गेले. सुटेना.

"डॉक्टरांना खरं सांगशील?"

"सांगते बाळा. अल्लाची शपथ, सांगते."

दिवे लागले. आत आम्ही दोघीच.

मी बाईंपुढे सगळं कबूल केलं. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांचा चेहरा उतरला.

"या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, बाई. अजून थोडे दिवस गेले असते तर..."

त्यांनी त्याच दिवशी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

आता रिताज बरी आहे. गाल फुगलेत, फुगू देत. मला त्याचं काही नाही.

पण रोज सकाळी गोळी घेताना ती जराशी बाजूला सरकते.

परवा मी धीर करून विचारलं, "कुणाला जागा देतेस गं?"

"आई, आधी तिला दे ना... ती कधीची तोंड उघडून उभी आहे."