डाव्या हाताचा माउस

जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी कॉम्प्युटरवर कापडी झाकण असतं. ते माझ्या बायकोनं, दीपमालानं शिवलेलं. ती गेली, झाकण राहिलं, आणि या उन्हाळ्यात आतल्या विंडोजनंही मान टाकली.

दीपमालाच्या आवाजातली बुद्धवंदना त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर होती, दुसरीकडं कुठंच नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या साक्षीचं लग्न. मंडपात आईच्या आवाजातलीच वंदना हवी, एवढंच पोरीचं मागणं होतं.

माझा भाचा संघपाल विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह देऊन गेला. म्हणाला, "मामा, हे नुसतं पेन ड्राइव्हवर चालतं. बंद केलं की समदं इसरून जातं. काई खराब होत न्हाई."

मी विज्ञानाचा मास्तर, पण लिनक्सनं मला रडकुंडीला आणलं. वाय-फाय गायब. स्पीकर मुका. डिस्क दिसायची, पण उघडायला गेलं की नकार. त्यात माउस उलटा, म्हणजे एका बटणाचं काम दुसरं करायचं. मी सेटिंग सरळ करायचो आणि पुन्हा चालू केलं की माउस परत उलटा. चिडून मस्तगडच्या दुकानातून नवा माउस आणला. तोही तसाच.

संघपालला फोन केला.

"माझ्याकडं तर पेन ड्राइव्ह बराबर चालत होता, मामा. डावखुऱ्या माणसानं सेटिंग बदललं तरच असं होतं. पण बंद केल्यावर ते टिकत न्हाई."

आमच्या घरात डावखुरी एकच होती.

शेवटी एका दुपारी मी हट्ट सोडला. माउस कीबोर्डच्या डावीकडं ठेवला, ती ठेवायची तसा, आणि डाव्या हातानं क्लिक केलं.

डिस्क उघडली.

इतके दिवस मुका असलेला स्पीकर खरखरला. आधी तिचं ते घसा साफ करणं, मग वंदना.

मला रडू आवरेना. "लई उपकार झाले," मी मोठ्यानं म्हणालो. कोणाला म्हणालो, ते स्वतःला विचारलं नाही.

लग्नात तिचा आवाज मंडपभर घुमला. साक्षीचे डोळे भरले आणि मी मनोमन पुन्हा आभार मानले. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायला मला बोलावलं. बाहेर वारा होता. माझ्या तर घरातही तीन-चार काड्या वाया जातात, दीपमाला त्यावरून कायम चिडवायची. आज पहिल्याच काडीत ज्योत धरली.

साक्षी माझ्या हाताकडं बघत होती.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "अगदी आईसारखी लावली तुम्ही."

मी खाली पाहिलं.

काडी माझ्या डाव्या हातात होती. ती कधी ओढली, मला आठवत नव्हतं.