दारूखान्याचं दार

इन्व्हरकीदिंगच्या किनाऱ्यावर ती युद्धनौका मोडायला आणली, तेव्हा युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. म्हातारा रॅट्रे तिच्यावरच तोफखान्यात होता. आता तिचेच तुकडे करायच्या कामावर. पोटाला लागतं, दुसरं काय.

जहाज कसलं, आखणाऱ्यांचा हट्ट नुसता. तोफा राक्षसी, वेग घोड्याचा, आणि चिलखत पातळ. त्यात तोफा भराभर डागता याव्यात म्हणून लढाईत दारूखान्याची, म्हणजे तोफांच्या दारूच्या कोठाराची, लोखंडी दारं उघडीच ठेवायची. हुकूमच तसा. इथल्या दाराखाली रॅट्रेनंच पाचर ठोकली होती. जोडीच्या जहाजावरही तेच. ते डोळ्यांदेखत फुटलं. हजार माणसं, एका ठिणगीत समुद्राच्या तळाशी.

त्या दिवशी जेवणाच्या भोंग्याला तो चहाचा डबा घेऊन खाली उतरला. जावई सँडी दारूखान्याबाहेरच्या खोलीत गॅसनं लोखंड कापत होता. दारूखान्याचं दार सताड उघडं. खाली पाचर.

"ही कुणी लावली?"

"मीच. हवा नको का? बसा मामा."

"काढ ती."

"आत आता उंदीरसुद्धा नाही. तुमची लेक म्हणते ते खरंय, बाबा झोपेतही दारं लावत फिरतात."

रॅट्रे बसला. सँडीनं गॅस बंद केला. शांत झालं. आत काळोख होता, आणि जुन्या दारूचा तो गोडसर वास.

मग आतून अगदी हळू कुणीतरी म्हणालं, "दार..."

"ऐकलंस?"

"काय?"

"लावून घे, गड्या... आम्ही धरतो..."

रॅट्रेनं लाथेनं पाचर उडवली, दार रेटलं, आठही अडसर फिरवले.

"अहो, गुदमरवता की काय..." सँडी हसत होता.

दारापलीकडे धप्प झालं. दाराचा रंग फोड येऊन सोलवटला. आतल्या लाकडी अस्तराच्या फटीत उरलेल्या दारूच्या भुकटीवर सँडीच्या कापण्यातली ठिणगी पडली होती.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. आत सगळं काजळीनं काळं. दाराच्या आतल्या अंगावर मात्र चार जागा स्वच्छ, चार माणसांनी खांद्याला खांदा लावून पाठी टेकवाव्यात तशा. खाली काजळीत पावलं, टाचा दाराकडे. खिळ्यांचे बूट नव्हेत. दारूखान्यात घालायच्या मऊ सपाता.

सँडीची मस्करी आटली.

"मामा... आत यायला दुसरी वाट..."

"नाही."

रॅट्रे वाकला. पावलं अजून ओली होती. त्यानं बोट टेकवून जिभेला लावलं.

खारट.