तिरका एक्स-रे

हे खरं घडलेलं आहे. मला रंगवून सांगता येत नाही. जसं ऐकलं, तसंच सांगतो.

अमेरिकेतलं डुलुथ गाव. जानेवारीतली शनिवारची दुपार. बाहेर सरोवर गोठलेलं. आमचे शेजारी, दातांचे डॉक्टर लायल हॉगन, यांचा दवाखाना बंद होता. आत फक्त ते आणि त्यांची मुलगी ग्रेटा.

ग्रेटाचा पुढचा एक दात गुलाबी दिसू लागला होता.

"बरंच झालं की! लिपस्टिकला शोभेल," ती खुर्चीत बसत म्हणाली.

"तोंड उघड. बडबड नंतर."

लायलनी दिवा जवळ ओढला. असा दात त्यांनी आधी एकदाच पाहिला होता... कोरिन माकीच्या तोंडात.

कोरिन गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. तिच्या दाताचं मूळ झिजत होतं. एक्स-रेत मुळावर काळा डाग दिसला. अशा वेळी यंत्र जरा तिरकं धरून दुसरा एक्स-रे काढायचा असतो. डाग मधोमधच राहिला, तर रोग आतला. सरकला, तर बाहेरून कुरतडणारा. दोन्हींचे उपाय वेगळे.

"अजून एक काढून बघता का, डॉक्टर? माझं पोट या दातांवर आहे," ती म्हणाली होती.

"कोरिन, ट्रम्पेट तू वाजव. दात मला बघू दे."

त्यांनी आतला रोग समजून उपचार केले. रोग बाहेरचा होता.

तो पसरत गेला आणि पुढचे चारही दात गेले. ट्रम्पेट सुटला. गेल्या मार्चमध्ये ती एकटीच सरोवराच्या बर्फावर चालत गेली. परत आली नाही.

आता पडद्यावर ग्रेटाचा दात होता. मुळावर काळा डाग.

या वेळी लायलनी कसूर केली नाही. यंत्र तिरकं धरून दुसरा एक्स-रे काढला.

डाग सरकला...

थेट शेजारच्या दातात.

आणि पहिल्या दाताचं मूळ... नव्हतंच.

यंत्र बिघडलं असेल. त्यांनी तिसरा काढला.

दुसरंही मूळ नाहीसं.

"बाबा, हसलं कोण?"

"कुणी नाही. गप्प बस."

तेवढ्यात कानाशी, अगदी हळू... दात नसलेल्या तोंडातून वारा सुटावा तसं...

"अजून एक काढून बघता का, डॉक्टर?"

लायल गुडघ्यांवर बसले. "कोरिन, पोरीनं काय केलंय तुझं? माझे घे. सगळे घे."



यंत्राचा हात आपोआप वळला... आणि ग्रेटाच्या गालाला टेकला.

लायलनी तारच उपटली.

ग्रेटाचे ते दोन दात आठवड्याभरात हलून पडले. आता तिसरा गुलाबी झालाय. लायल तिला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथली एक्स-रे काढणारी मुलगी यंत्र सुरू करणार, तोच मागे वळून म्हणाली, "बाई, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

खोलीत ग्रेटाशिवाय दुसरी बाई नव्हती.

लायल लेकीला घेऊन तसेच परतले.

काल ते माझ्याकडे आले होते. "एक्स-रे काढला तर मूळ जाणार. नाही काढला तर उपाय कोणता करू? तुम्ही काय केलं असतं?"

ग्रेटा शेजारीच बसली होती, ओठ घट्ट मिटून. माझ्या उत्तराची वाट पाहत.