गरिमाचा मेलबॉक्स

नया बाज़ारात वीज गेली होती. गच्चीवर जयसिंहरावांच्या शेजारी विहंग आणि हर्षिता, त्यांची पुतण्या-पुतणी, रजई ओढून बसली होती.

“काका, भूतवाली सांगा ना,” विहंग म्हणाला. “पण एकदम असली!”

“असलीच सांगतो. समरजीत माझ्या चुलतभावाचा मुलगा. त्याच्या बाबतीत जे घडलं, ते त्यानं मला सांगितलं तसं सांगतो.”

तो दाल बाज़ारातल्या एका वाहतूक कंपनीत कंप्यूटर सांभाळतो. ऑफिसच्या सगळ्या मेल जिथे येऊन साठतात तो सर्व्हर नवीन बसवला होता, आणि लोक म्हणत, फार हळू चालतो. म्हणून २१ डिसेंबर २०२४, शनिवारी, सगळे घरी गेल्यावर समरजीत तपासायला बसला. बाहेर धुकं होतं. त्या कामासाठी एक छोटा प्रोग्राम असतो. काळ्या खिडकीत एक ओळ टाईप केली, की तो निरर्थक अक्षरांच्या मेल भराभर पाठवत सुटतो. सर्व्हर किती भार सोसतो ते कळतं.

“पण त्या जातात कोणाला?” हर्षितानं विचारलं.

तेच तर. कोणाचा तरी मेलबॉक्स द्यावा लागतो. समरजीतनं गरिमाचा दिला. गरिमा तिथेच हिशेब बघायची. दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. तिचा मेलबॉक्स बंद करायचा राहिला होता, नव्या सर्व्हरवरही तसाच आला होता. ह्याला वाटलं, तिथे कोणाला त्रास होणार?

साडेअकराला त्याचा फोन वाजला. गरिमाची आई, शालिनीताई.

“समरजीत बेटा, झोपला नव्हतास ना? माझी चिठ्ठी परत आली रे.”

“कुठली चिठ्ठी, मावशी?”

“गरूला लिहिते ना मी. रोज रात्री, मोबाईलवरून. कधीच परत आली नाही. आज लिहून आलंय, जागा नाही म्हणून. तिच्या स्वेटरांचं विचारलं होतं. उद्या आश्रमात द्यायची आहेत, थंडी फार आहे. तिला द्यायला नको वाटत असेल का? नाराज झाली का रे?”

“नाही मावशी. मशीनमध्ये गडबड झाली, माझ्याच हातून. पाच मिनिटांनी परत पाठवा.”

त्यानं प्रोग्राम थांबवला. आपल्या सगळ्या मेल पुसल्या. खाली उरल्या त्या आईच्या चिठ्ठ्या. दोन वर्षांच्या. सगळ्या ठळक अक्षरांत, म्हणजे एकही उघडलेली नाही. प्रत्येकीची पहिली ओळ बाहेर दिसत होती. ‘गरू, आज मेथी केली.’ ‘गरू, गुडघा बरा आहे.’ ‘गरू, तुझ्या मैत्रिणीचं लग्न झालं.’

मग नवी चिठ्ठी आली. ‘गरू, स्वेटरं देऊन टाकू का?’

“बिचारी…” हर्षिता पुटपुटली. विहंग हसत नव्हता.

समरजीत बंद करून उठणार, तेवढ्यात सगळ्यात जुन्या चिठ्ठीची अक्षरं बारीक झाली. उघडली की होतात तशी. त्यानं माऊसला हात लावला नव्हता. थोड्या वेळानं दुसरी. मग तिसरी.

त्यानं पाहिलं, मेलबॉक्सला बाहेरून कोणी जोडलेलं आहे का.

कोणी नव्हतं.

मग सर्व्हरची नेटची तारच ओढून काढली.

चौथी उघडली… पाचवी…

लहान चिठ्ठी असली की लगेच पुढची. मोठी असली की वेळ लागायचा. एका चिठ्ठीवर तर फार वेळ लागला. ती गरिमाच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या रात्रीची होती.

खोलीत आवाज नाही. फक्त मशीनचा पंखा. हा भिंतीला टेकून बसून राहिला. पळावंसं वाटलं, पण पळाला नाही. मला म्हणाला, काका, कोणी वाचत असताना मध्येच उठून जायचं कसं?

पहाटे फक्त स्वेटरांची चिठ्ठी उरली.

ती उघडली.

आणि मग… काहीच नाही.

सात वाजता शालिनीताईंचा फोन आला. “पोचली का रे?”

“पोचली, मावशी.”

“काही… नाही, तू काय सांगणार. ठेवते.”

“मावशी,” तो म्हणाला, “स्वेटरं आज नका देऊ. थोडे दिवस थांबा.”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. नुसतं “हो” म्हणाल्या.

जयसिंहरावांनी मुलांवरची रजई सारखी केली.

“पण काका, थांबा असं का म्हणाला तो?” विहंगनं हळूच विचारलं.

“फोन यायच्या जरा आधी त्या शेवटच्या चिठ्ठीपुढे पिवळा तारा लागला होता. उत्तर नंतर द्यायचं असलं, की आपण हातानं लावतो तो.”