नीलूच्या आवाजातली परकी नीलू

आवाज नीलूचा, शब्द नीलूचे, आणि तरी बोलणारी नीलू नव्हती. असं कसं होईल?

२०५८ सालच्या मार्चमधली ही गोष्ट. साताऱ्याच्या घरी फोन वाजला. मी तो स्पीकरवर घेतला.

"आई, पाकीट चोरीला गेलं गं! तुझ्या कार्डावरून तिकीट काढते. तुला सहा आकडे येतील, तेवढे सांग."

माझी लेक नीलांबरी नागपूरला असते. मीही काही कच्ची नाही. खुणेची गोष्ट विचारल्याशिवाय पैशांचं बोलायचं नाही, असं आमचं ठरलेलं. आमची खूण म्हणजे तिचा लग्नातला उखाणा.

"उखाणा घे आधी," मी म्हटलं.

"तापोळ्याच्या पाण्यात नाव चालली... चालली संथ, सुबोधरावांचं नाव घेते, नका बघू माझा अंत!"

माझी खात्री पटली. आकडे आले, पण मोतीबिंदूमुळे मला ते दिसेनात. सोमवारी डोळ्याची शस्त्रक्रिया होती आणि त्या शस्त्रक्रियेचे पैसे त्याच खात्यात होते. मी दहा वर्षांच्या नातीला हाक मारली. "मैथिली, हे वाच बरं मोठ्यानं."

मैथिलीनं फोन घेतला आणि सरळ बंदच केला!

"अगं कार्टे! आत्या अडकलीय तिकडे!"

"आजी, ती आत्या नाहीये. लग्नाच्या व्हिडिओत आत्या 'चालली' म्हणून अडखळते, आठवतं? ही अगदी तिथेच अडखळली. आता आत्या तो उखाणा झोपेतसुद्धा धडाधड म्हणते."

आमचा घरकाम्या यंत्रमानव भिंगरी भाजी निवडायची सोडून गर्रकन वळला. "आजी, आधी तुम्ही स्वतः नीलूताईंचा नंबर लावा."

मी लावला. "आई, वर्गावर आहे मी. पाकीट? पर्समध्येच आहे की! का गं?"

घडलेलं सगळं तिला सांगून मी फोन ठेवला.

बँकेच्या ॲपवरून मैथिलीनं कार्ड बंद केलं, मी बँकेला फोन करून सगळं कळवलं. मग विचारलं, "पण आवाज तिचाच कसा रे?"

"आवाज म्हणजे हवेची थरथर," भिंगरी म्हणाला. "तिची कंप्रता (हवा एका सेकंदात किती वेळा थरथरते ते) मोजता येते. बोलण्याची लय, श्वास, सगळंच मोजता येतं. ती मापं संगणकाला दिली की तो हुबेहूब आवाज घडवतो. लग्नाचा व्हिडिओ तुम्ही सगळ्या जगासाठी खुला ठेवलाय. चोराला आवाजही तिथेच मिळाला आणि खूणही."

"आमच्या वेळी एसटीडी बूथवरून 'मी बोलतेय' एवढं म्हटलं तरी पुरे व्हायचं," मी पुटपुटले.

"लग्नात चारशे माणसांनी ऐकलेली खूण गुप्त कशी असेल, आजी?" मैथिली हसली.

"आणि ते सहा आकडे?"

"तो ओटीपी (एकदाच चालणारा संकेतांक)," भिंगरी म्हणाला. "कार्डाचा नंबर चोरानं आधीच कुठून तरी मिळवला होता. बँक त्या आकड्यांनी विचारते, 'कार्डाची मालकीण स्वतः हजर आहे का?' ते दुसऱ्याला सांगितले की बँकेच्या लेखी तोच मालक."

"म्हणजे लेकीलाही सांगायचे नाहीत?"

"कुणालाच नाही. आलेल्या फोनवर समोरचा कुणीही बनू शकतो. म्हणून तो ठेवायचा आणि आपल्या माहितीतला नंबर आपण लावायचा."

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. पैसे जागेवर होते. नीलू रजा घेऊन आली होती. पट्टी सुटल्यावर तिनं माझ्या कानाशी तोंड आणून नवी खूण सांगितली. कुठल्याच व्हिडिओत नसलेली.

"मला पण सांगा ना!" मैथिली कुरकुरली.

"तुझी-माझी खूण वेगळी ठरवू," मी म्हटलं. "पण तुला तिची काय गरज? तू तर अडखळण्यावरून माणूस ओळखतेस."

ती विचारात पडली. "भिंगरी, खरं माणूस दर वेळी थोडं वेगळं बोलतं ना? मग ते मोजणारा फोन बनवता येईल?"

"अजून कुणाला नीट जमलेला नाही," भिंगरी म्हणाला.

मैथिलीनं वही ओढली. पहिल्या पानावर तिनं काढलेली त्या फोनची आकृती मला चष्म्याशिवाय लख्ख दिसत होती.